काकूंच्या नावाच्या सोन्याच्या मांजरी

आधी काकूंबद्दल सांगतो, मग मांजरीबद्दल. उलट सांगितलं तर काकू वाईट वाटतील, आणि ते मला चालणार नाही.

काकू माझ्या नात्यातल्या कोणी नव्हत्या. कॅलिफोर्नियात सनीव्हेलमधल्या एका इंग्लिश पबच्या बारवर बिअर ओतणारी, साठीला टेकलेली, सिगारेटवर सिगारेट ओढणारी ती गोरी बाई. मूळची इंग्लंडच्या उत्तरेकडची. पबचा मालकही तिकडचाच. तोंडावर मी त्यांना मॅम म्हणायचो, मनात काकू. बाकीच्यांना माझं नाव अवघड जायचं, म्हणून ते टिचक्या वाजवायचे. काकूंनी माझं नाव दोन दिवस घोकलं आणि मग कायम त्याच नावाने हाक मारली. उपकारांची सुरुवात तिथून झाली.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा काळ. मी आठवीतून शाळा सोडलेला. ताईने कागद करून बोलावून घेतलं. दाजी चिपच्या कंपनीत इंजिनिअर, आणि त्यांच्या अपार्टमेंटमधला सोफा हे माझं बिऱ्हाड. पहिल्याच आठवड्यात दाजींनी सांगून टाकलं, की नोकरी आहे तोवर सोफा. नोकरी गेली की परतीचं विमान. सांगताना ते हसत होते, पण गंमत करत नव्हते. घरी मराठी मंडळी जेवायला आली की ते माझी ओळख करून द्यायचे, "हा आमचा मेहुणा. पबमध्ये हायर स्टडीज करतो." युनिव्हर्सिटीत शिकणारी पुण्या-नागपूरची मुलं फिस्सकन हसायची. मीही हसायचो. दुसरं काय करणार?

पबमध्ये मी भांडी घासायचो, बटाटे सोलायचो, बिअरच्या पिंपांची खोली आवरायचो. मालकाचं म्हणणं, जनावर नसेल तर तो पब नव्हे, नुसतं हॉटेल. म्हणून कॅलिफोर्नियाच्या उन्हाळ्यातसुद्धा गॅसच्या खोट्या शेकोटीपुढे त्याचा म्हातारा, लठ्ठ कुत्रा धापा टाकत पडलेला असे. भिंतीवर भुसा भरलेलं कोल्ह्याचं डोकं. आणि बारच्या टोकाच्या स्टुलावर, लाल उशीवर, करड्या पट्ट्यांची एक मांजर. खाणं विकतात तिथे जनावर ठेवायला बंदी होती. त्यामुळे आरोग्यखात्याचा इन्स्पेक्टर यायचा झाला की कुत्रा आणि मांजर दोघांची रवानगी मालकाच्या गाडीत, मागच्या गल्लीत.

मांजरीला तो खायला घालत नसे. उंदीर धर नाहीतर उपाशी राहा, त्याच्या गावी हीच रीत. कमरेला कंपनीचे बॅज लावलेली गिऱ्हाइकं तिला बशीत बिअर पाजायची, आणि ती झोकांड्या खायला लागली की तिला डार्ट फेकायच्या रेघेवरून चालायला लावायची. एकदा तिच्या गळ्यात बॅज अडकवून एकाने मला बोलावलं आणि म्हणाला, "ही तुझ्यापेक्षा बरं इंग्लिश बोलते." सगळ्यांत मोठ्याने मालक हसला. काकूंनी बशी उचलली, सिंकमध्ये ओतली आणि पुढच्याचा ग्लास भरायला घेतला.

एका शनिवारी सकाळी पिंपांमागे पोत्यावर चार पिल्लं दिसली. डोळे मिटलेली, ओली. आनंद झाला, पण क्षणभरच. इन्स्पेक्टर पुढच्याच आठवड्यात येणार होता. मालकाला कळलं तर पिल्लांचं काय होईल, ते मला विचारावं लागलं नाही.

पण मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आज या माळ्यावर, उद्या शेजारच्या गोठ्यात. तीच नेईल, आपण कशाला बोला. मी कोणाला काही सांगितलं नाही, फक्त मागचं दार उघडं करून त्याला बटाट्याचं खोकं लावून ठेवलं.

सात घरं होती कुठे? दाराबाहेर पार्किंग, त्यापलीकडे एल कमिनोच्या हमरस्त्यावरून सणसणत जाणाऱ्या गाड्या. मांजर तोंडात पिल्लू धरून उंबऱ्यापर्यंत आली. बराच वेळ तापलेल्या डांबराकडे बघत राहिली. मग वळली, माझ्या पायांजवळून किचन ओलांडून बारमध्ये गेली, आणि पिल्लू आपल्या लाल उशीवर नेऊन ठेवलं. समोर मालक ग्लास पुसत होता.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. आमच्या गावी हे काम डोळे उघडायच्या आत उरकतात, म्हणाला, एक बादली पुरते. त्याने स्वतः नळ सोडून बादली भरली आणि माझ्यापुढे ठेवली. पब उघडायच्या आत झालं पाहिजे.

मी नाही म्हणालो. तेवढं इंग्लिश येत होतं. का नाही, ते येत नव्हतं. आमच्या गावात एका दूधवाल्याने मांजरीला काठी फेकून मारली आणि ती मेली. सोन्याची मांजर करून काशीला दान दिल्याशिवाय ते पाप फिटत नाही. त्याच्याकडे कुठलं सोनं? मरेपर्यंत लोक त्याच्या हातचं पाणी पीत नव्हते. त्याच्या दारावरून जाताना आई माझा हात घट्ट धरायची. हे त्या मालकाला कसं सांगू?

"मग उद्यापासून येऊ नकोस," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

कोपऱ्यावरच्या फोनवरून मी ताईला विचारलं, पिल्लं घरी आणू का? ती म्हणाली, जनावरं ठेवून घेणारी जागा असते रे. मी मनात म्हणालो, पण तिथले लोक विचारणार कुठून आणली, आणि पबमध्ये मांजर होती हे मी सांगितलं तर नोकरी गेलीच. एवढ्यात दाजींनी फोन घेतला. "घरात एक आश्रित आहे," ते म्हणाले, "तेवढा पुरे." आणि फोन ठेवला.

परत आलो तेव्हा काकू बाह्या सरसावून बादलीशी उभ्या होत्या. मांजर गाडीत कोंडलेली, पिल्लं त्यांच्या एप्रनमध्ये. त्यांनी विचारलं, भितोस कशाला? मी मोडकंतोडकं सांगितलं: पाप, काशी, सोन्याची मांजर. त्या खोकला येईपर्यंत हसल्या.

"सोन्याची? बरं. ऐक. एक आईजवळ ठेवायचं असतं, नाहीतर दूध साकळून ती आजारी पडते. तू मारू नकोस. तू फक्त एक उचल."

चौघांपैकी एक सारखं ओरडत होतं, पांढऱ्या पायाचं. तेच सगळ्यांत धट्टंकट्टं होतं. मी गप्प पडलेलं उचललं. इन्स्पेक्टरला आवाज जाऊ नये म्हणून.

"आता पाठ फिरव."

मी भिंतीकडे तोंड केलं. ओरडणं आलंच नाही. काकूंचा श्वास आणि बादलीच्या काठावर त्यांचं मनगटी घड्याळ आपटल्याचा आवाज, एवढंच. वळलो तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत ओले होते.

"तू केलंस म्हणून सांगते त्याला," त्या म्हणाल्या. "तुझे हात कोरडे आहेत ना? मग जा, बटाटे सोल."

मालकाने माझी पाठ थोपटली. सोफा राहिला. इन्स्पेक्टर आला, फ्रीज उघडून बघितला, उभ्या उभ्या कॉफी प्यायला आणि गेला. पिंपांच्या खोलीकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. मांजर मात्र त्या खोलीत कितीतरी दिवस पिंपांमागे हाका मारत फिरत होती. बारवरची मंडळी तिची नक्कल करायची, आणि मी ग्लास न्यायला गेलो की माझ्याकडे बघून म्याव म्हणायची. मालकाने सगळ्यांना माझा पराक्रम सांगितला होता. नाही म्हणायची सोय नव्हती. काकू ऐकायच्या आणि राख झटकायच्या.

पुढच्या वर्षी त्या आपल्या बहिणीकडे इंग्लंडला निघून गेल्या. जाताना माझ्या गालावर चापटी मारून म्हणाल्या, "तीन लागतील हं. विसरू नकोस." त्यांच्या दृष्टीने तो विनोद होता. त्यांचा पापावर विश्वास नव्हता. माझा आहे. जे माझ्या माथी लागणार होतं ते त्यांनी हसत हसत आपल्या माथी घेतलं, आणि पुढे मी याच देशात स्वतःच्या घरात झोपायला लागलो.

काशीला अजून जाणं झालेलं नाही. पण जाईन. सोनाराकडून तीन मांजरी घडवून नेईन, नखाएवढ्या का होईनात, सोन्याच्या. एकीचे पाय पांढरे करता येतात का, तेही विचारीन. काकूंच्या नावाने संकल्प सोडताना भटजी गोत्र विचारतील, तिथे मी अडेन. नाव विचारतील, तिथे नाही अडणार. काकूंनी माझं घोकलं होतं तसं मी त्यांचं घोकून ठेवलं आहे.