माझ्याच धुनेचा रीमिक्स शोधत कुंभार पिंपळगावला

पुण्यातल्या एका सीडी कंपनीच्या साहेबांनी माझी धून शेवटपर्यंत ऐकली, मान डोलावली आणि म्हणाले, "छान आहे. पण ही जालन्याकडची वरातीची धून ना? तुम्ही कॉपी केलीय."

सहा महिने खोलीचं दार लावून कॉम्प्युटरवर केलेलं काम होतं ते. हौसेनं इंटरनेटवर फुकट टाकलं, तिथून कुणीतरी उचललं, त्याचा रीमिक्स केला, आणि आता चोर कोण, तर मी! साहेबांची अट अशी, की रीमिक्स करणाऱ्याकडून लेखी आणा, मूळ धून तुमची आहे म्हणून. मग अल्बमचं बघू. त्यांच्याकडच्या रीमिक्सच्या सीडीवर पत्ता होता: नसीम म्युझिक, कुंभार पिंपळगाव. बॅगेत दोन शर्ट टाकले आणि प्रवासभर घोकायला भांडणाची वाक्यं घेतली.

कुणाला जायचंच असेल तर सांगतो. पुण्याहून जालना एसटीनं आठेक तास धरा. जालन्यात स्टँडजवळ लॉज मिळतात. खिडकीची खोली मागू नका, खिडकी स्टँडवरच उघडते. सकाळची कुंभार पिंपळगावची गाडी अंबड, घनसावंगी करत जाते. अंबडला गरम भजी खाऊन घ्या, कारण पुढच्या रस्त्यावर पोटात काही असलेलं बरं की नसलेलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा, मग कापूस, मग ऊस. मला फारसं दिसलं नाही. मी वाक्यं घोकत होतो.

"कुणाकडं?" कंडक्टरनं तिकीट फाडत विचारलं.

"नसीम म्युझिक."

"अरे वा! लग्न जमलं व्हय?"

दुकान बाजाराच्या रस्त्यावर निघालं. पुढे कोऱ्या कॅसेटी आणि सीड्या, मागे पडद्याआड कॉम्प्युटर. त्याच्यासमोर पन्नाशीच्या एक बाई, चष्मा नाकावर, कानाला हेडफोन. नसीमआपा त्याच. मी एखादा केस वाढवलेला पोरगा गृहीत धरला होता, त्यामुळे माझी निम्मी वाक्यं तिथंच बाद झाली.

उरलेली बोलून टाकली. आपांनी ऐकून घेतलं. "म्हंजे ती धून तुमची? बसा की. उन्हातून आलात, आधी पाणी प्या." मग आत वळून म्हणाल्या, "विठ्ठल, आपल्या गाण्याचा मालक आला बघ!"

विठ्ठलराव त्यांच्या वरातीच्या बँडच्या गाडीचे ड्रायव्हर आणि हलगीवालेही. त्यांनी मला नमस्कार केला आणि म्हणाले, "साहेब, लई लांब करून ठेवलं होतं तुम्ही. आपांनी कापून कापून आणलं जाग्यावर."

मी विचारलं, कापलं कशाच्या आधारानं? आपांनी वही काढली. त्यात सूर-ताल काही नव्हतं, गावाचा नकाशा होता. मारुतीपासून मांडवापर्यंत वरातीला किती वेळ, कुठल्या बोळात गाडी अडकते, कुठं माणसं दमतात. "तुमची धून बसल्या माणसाची हाय," त्या म्हणाल्या. "आमची माणसं चालून राह्यली. दुसऱ्याचं गाणं घेतलं की मी आधी त्यातलं काय सोडवत न्हाई ते बघते. तुमचे सोळा सूर सोडवले न्हाईत. बाकी सगळं काढलं."

बाकी सगळं! त्या बाकीत माझे साडेपाच महिने होते.

जेवायला भाकरी, अंबाडीची भाजी आणि कच्चा कांदा. दुपारी चारला वरात होती, तर आपा म्हणाल्या, चला. विठ्ठलरावांच्या शेजारी बसून मी स्वतःचं गाणं ऐकलं. माझे सोळा सूर, निम्म्या वेगात, खाली विठ्ठलरावांचीच रेकॉर्ड केलेली हलगी. बोळाशी गाडी वळेना, तेवढ्यात गाणं वहीतल्या हिशोबाप्रमाणं तिथल्या तिथं घुटमळायला लागलं. वळली, तसं सुटलं. मांडवाच्या दारात चार मात्रा संगीत एकदम बंद. मला वाटलं सीडी अडकली. पण त्या रिकाम्या जागेत सगळी वरात एका आवाजात नवरदेवाचं नाव ओरडली. पुण्यात त्याच जागी मी अकरा आवाज कोंबले होते.

परत आल्यावर आपांनी कागद घेतला. "लिहून देते. पण खरं सांगा, तुमच्या मूळ धुनेतला ढोल तुमचाच का?"

"नाही," मी भिंतीकडे बघत म्हणालो. तो एका परदेशी सीडीतून उचलला होता, वाजवणाऱ्याचं नावही न बघता. कुणाला कळणार, असं तेव्हा वाटलं होतं.

"मला ऐकताच कळलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या खोलीत वाजवलेला आवाज हाय तो. म्हणून मी काढला आन् विठ्ठलला बसवलं."

त्यांनी लिहिलं: धून यांची आहे, ढोल कुणाचा ते दोघांनाही माहीत नाही. सही केली, दुकानाचा शिक्का मारला. रागाचा मागमूस नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

परतीच्या बसमध्ये ढोलाची ओळ फाडता येईल का, हे मी तीनदा घडी घालून पाहिलं. ओळ मधोमध होती. पण खरं सांगायचं तर फाडवलं नाही ते त्या बाईंच्या सहीमुळे.

साहेबांनी पत्र वाचलं, माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि अल्बम नाकारला.

आपांना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग आता मोकळे झालात. उन्हाळ्यात लई लग्नं हायत. दुसरं काही असंल तर पाठवा. आन् पुरं करू नका, आमच्यासाठी जागा ठेवा."

तीन धुना पाठवल्या. अर्धवट काम पाठवताना आयुष्यात पहिल्यांदाच लाज वाटली नाही.