टॉवेलांमागचा फोटो

आमच्या घरात एक फोटो आहे. निळा कोट, गोल चष्मा, हातात जाड पुस्तक. मराठी वाचकाला यापुढे काही सांगायला नको. नागपूरहून निघताना आईने तो माझ्या साड्यांच्या घडीत घालून दिला होता, आणि इथे अमेरिकेत, श्रूजबरीत घर घेतलं तेव्हा पहिला खिळा त्याच्यासाठीच ठोकला. पण मराठी माणसं जेवायला यायची असली की भाजी चिरायच्या आधी फोटो खाली उतरायचा. वरच्या मजल्यावरच्या टॉवेलांच्या कपाटात, बीचवर न्यायच्या मोठ्या टॉवेलांच्या मागे जायचा. त्याच्या खिळ्यावर वारलीचं एक चित्र लागायचं. अमेरिकन पाहुण्यांसाठी ही धावपळ नव्हती. ते विचारायचे, तुमचे आजोबा का? आम्ही हो म्हणायचो, आणि त्यात खोटं बोलल्यासारखं कधी वाटलं नाही.

मी मुळात भित्री नाही. बर्फावर गाडी घसरून गोल फिरली तेव्हाही मी शांत होते. मला भीती एकाच प्रश्नाची. मूळचे कुठले तुम्ही? नागपूर म्हटलं की नागपुरात कुठे, मग आडनाव पुन्हा एकदा सावकाश उच्चारून बघायचं, मग तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा. इतकं गोड बोलत माणसाला कोपऱ्यात घेतात की पोलिसांनी शिकावं. देवघर कुठे दिसत नाही असं एकीने विचारलं तेव्हा बेसमेंटचं काम चालू आहे असं मी ठोकून दिलं होतं. आमच्या बेसमेंटमध्ये फक्त बॉयलर आहे. इंडियन ग्रोसरीत आईचा फोन आला तर ती नेहमीसारखा आमचा नमस्कार घालते, आणि मी आजूबाजूला बघून नुसतं ‘हं, बोल’ म्हणते. मग आई काही न विचारता म्हणते, दुकानातून निघालीस की कर.

या भीतीला पत्ता होता. नवऱ्याचा मॅनेजर पुण्याचा. हसतमुख माणूस, दिवाळीला घरी बोलावणारा. आमच्या ग्रीन कार्डाचं काम त्याने मनावर घेतल्याशिवाय हलणार नव्हतं, आणि नवऱ्याची नोकरी गेली असती तर घर, लेकीची शाळा, इथलं राहणं, सगळंच गेलं असतं. मिशिगनमध्ये, नोव्हायला राहणाऱ्या आमच्या एका मित्राच्या घरी कुणीतरी असाच फोटो पाहिला होता. कुणी एक शब्द बोललं नाही. आधी बोलावणी बंद झाली, मग त्याचा प्रोजेक्ट बदलला, मग नोकरी गेली. कारण सांगितलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

लेक सातवीत होती त्या वर्षी शाळेने प्रोजेक्ट दिला, धर्मासाठी घर सोडून इथे आलेल्या लोकांवर. तिने ह्यूगेनो निवडले, म्हणजे फ्रान्समधले प्रोटेस्टंट, कारण त्यांनी बांधलेल्या एका जुन्या किल्ल्याची जागा आमच्या घराजवळच्याच गावात आहे. आम्ही दोघी बघायला गेलो. किल्ला म्हणजे मला रायगड नाही तरी निदान एखादी भिंत दिसेल असं वाटलं होतं. तिथे गवतात थोडे दगड होते आणि एक स्मारक. लेक मात्र तिथल्या दगडावर बसून अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी सांगत सुटली. राजाने त्यांची प्रार्थना बंद केली. देश सोडायलाही बंदी. पळताना सापडलेल्या पुरुषांना जहाजावर साखळीने बांधून वल्ही मारायला लावायचे. मुलं काढून घ्यायचे. म्हणून लोक बाहेर राजाच्या चर्चमध्ये जायचे आणि घरी दार लावून आपली प्रार्थना करायचे. बायका एवढंसं बायबल अंबाड्यात लपवायच्या. कुणी स्टुलाच्या बैठकीखाली बांधून ठेवायचे, सैनिक आले की आजी त्याच्यावर बसायची.

ऐकताना अंबाड्यावर माझा हात कधी गेला ते मलाच कळलं नाही.

“अँड देन दे केम हिअर,” लेक म्हणाली, “आणि इथे पण कितीतरी लोकांनी नावं बदलली. इंग्लिश करून टाकली. पण आई, इथे तर तो राजा नव्हता ना. सो व्हाय?”

“सवय असेल,” मी म्हटलं आणि गाडीची किल्ली शोधायला लागले. ती माझ्याकडे बघत राहिली. घरी येईपर्यंत मला एकच धास्ती होती, की ही पोर वर्गात उभी राहून आमच्या टॉवेलांच्या कपाटाचं सांगणार. मॅनेजरची मुलगी तिच्याच वर्गात होती.

तसं काही झालं नाही. तिने बाबाबरोबर गराजमध्ये एक स्टूल केलं, खालून लाकडी फळी सरकणारं, आत एक जुनं पुस्तक. शाळेत कौतुक झालं. नंतर ते स्टूल आमच्या हॉलमध्ये फायरप्लेसशेजारी येऊन पडलं, आणि मी सुटले असं समजले.

पुढच्याच शनिवारी मॅनेजरचं कुटुंब जेवायला यायचं होतं. नवऱ्याने सकाळीच फोटो वर नेऊन ठेवला. पाहुणे यायची वेळ झाली तशी मी एकदा खात्री करायला कपाट उघडलं, तर बीच टॉवेलांमागे काहीच नव्हतं. मी सगळे टॉवेल खाली ओढले. लेक तिच्या खोलीच्या दारात उभी होती.

“रिलॅक्स, आई. मी दुसरीकडे ठेवलाय. लास्ट टाइम काकूंनी टॉवेल हवा म्हणून हे कपाट स्वतःच उघडलं होतं. आय वॉज सो स्केअर्ड.”

हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, हिला यातलं काही पोचतच नाही. “कुठे ठेवलायस?” मी विचारलं आणि तेवढ्यात बेल वाजली. ती माझ्याआधी धावत खाली गेली, आणि दार उघडताना मला तिचा आवाज ऐकू आला, काका या, काकू या, अगदी माझ्यासारखा गोड.

जेवणं झाली. वांग्याचं भरीत सगळ्यांना आवडलं. मी मात्र प्रत्येक दाराकडे, प्रत्येक कपाटाकडे बघत होते. मॅनेजर सोफ्यावर बसून नवऱ्याला म्हणाला, “अरे, तुझं ग्रीन कार्डचं पुढच्या महिन्यात फाइल करून टाकू. मी बोललोय एचआरशी.” नवऱ्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाय लांब केले. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आइस्क्रीमची वाटी घेऊन उठल्या. “मला बाई इथे शेकोटीजवळच बरं,” म्हणत त्या फायरप्लेसशेजारच्या स्टुलावर बसल्या.

लेकीच्या हातातला चमचा थांबला. तिने माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं.

त्या फ्रेंच आजीचं बरं होतं. पुस्तकावर बसलं तर पुस्तक वाचतं, एवढाच त्यांचा हिशेब. आमच्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी ते कपाळाला लावतात. त्या फोटोतल्या माणसामुळे माझी आजी ताठ चालायला शिकली, माझ्या आईच्या हातात पाटी आली, आणि माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, त्याच्यावर कुणीतरी बसून आइस्क्रीम खात होतं. बिचारीला माहीतही नव्हतं. वहिनींनी मला घराचं काही विचारलं, मी काहीतरी बोलले. पुढचा महिना, असं मी मनाशी घोकत होते. फक्त पुढच्या महिन्यापर्यंत. लेक अजून माझ्याकडेच बघत होती. तिला माझ्याकडून शिकायचं होतं, अशा वेळी काय करतात ते.

“वहिनी, उठता का जरा,” मी म्हटलं.

“का गं? मोडेल का?”

“नाही. त्याच्या आत आमच्या बापाचा फोटो आहे.”

त्या गडबडून उठल्या. नवऱ्याने पाय आखडून घेतले. मी स्टूल उलटं केलं, पण फळी कुठून सरकते ते मला सापडेना. लेक येऊन शेजारी बसली आणि तिने ती सरकवली. मी ओढणीने काच पुसली आणि फोटो कपाळाला लावला. मग तो त्यांना दिसेल असा धरला.

वहिनी नुसतं “अगं बाई” म्हणाल्या. मॅनेजरने आधी फोटोकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग हातातल्या फोनकडे. “चला, उशीर झाला,” तो म्हणाला. अजून उजेड होता. जाताना तो नेहमीसारखाच हसला, आणि त्या हसण्यावरून मला काहीच कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. पुढचा महिना येऊन गेला, त्यानंतरचाही. काम चालू आहे असं तो म्हणतो, आणि नवरा रात्री कूस बदलत राहतो.

वारलीचं चित्र बेसमेंटमध्ये बॉयलरशेजारी आहे. फोटो हॉलमध्येच असतो. बेल वाजली की माझं लक्ष आधी भिंतीकडे जातं, ते काही थांबलेलं नाही. परवा बेल वाजली तेव्हा मी उठून दाराऐवजी त्या खिळ्यापाशी जाऊन पोचले होते. लेक फोटोखाली पाठ टेकून उभी राहिली आणि मला म्हणाली, “आई, तू दार उघड.”