स्टिअरिंग वळलं, पिकअप वळली नाही

नोकरीच्या काळात मी शेकडो अपघातांचे पंचनामे केले. त्यातले बरेच विसरलो. ऑक्टोबरातल्या एका दुपारची ती घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते, कारण त्या प्रकरणात एका निर्दोष माणसाविरुद्धचा अहवाल मी जवळजवळ पाठवलाच होता.

मी मूळचा साताऱ्याचा. लग्नानंतर अमेरिकेत आलो, पुढे इथला नागरिक झालो आणि तिशी उलटल्यावर मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरजवळच्या एका लहानशा गावाच्या पोलीस दलात भरती झालो. अपघातांचा तपास माझ्याकडे असे. ठाणं छोटं होतं. कॉफी ज्याची त्याने करायची आणि अहवालही ज्याचा त्याने टाइप करायचा.

त्या दुपारी गावाबाहेरच्या उजव्या वळणावर एक जुनी पिकअप मधली पिवळी रेषा ओलांडून गेली आणि समोरून येणाऱ्या सायकलस्वाराला धडकली. सायकलवर होता नागपूरहून पीएच.डी. करायला आलेला एक विद्यार्थी. त्याच्या मांडीचं हाड मोडलं. पिकअप चालवत होते ऐंशीच्या घरातले एक निवृत्त सुतार. मी पोहोचलो तेव्हा ते आपला कोट त्या मुलाच्या अंगावर घालून रस्त्याकडेला गुडघ्यांवर बसले होते. श्वासाच्या चाचणीत दारू आढळली नाही. फोन ते घरीच विसरून आले होते. रस्त्यावर टायरच्या खुणा होत्या, पण त्या सरळ गेलेल्या. वळणाकडे जराही झुकलेल्या नव्हत्या. म्हणजे या माणसाने गाडी वळवलीच नाही, असं मी वहीत टिपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. सुतारांच्या शेजारीण बाई होत्या. गेले काही आठवडे सुतारांची पिकअप रस्त्यावर डुलत चालते, दोनदा ती रेषेपलीकडे गेलेली आपण पाहिली, त्यांना आता नीट दिसत नसावं, असं त्यांनी सांगितलं. बाई खोडसाळ नव्हत्या. त्यांनी पाहिलं तेच सांगितलं, आणि ते माझ्या तर्काशी चपखल जुळलं.

मी सुतारांना जबाबासाठी बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, वेळेआधी दहा मिनिटं हजर झाले. डोळ्यांची तपासणी, औषधं, झोप, सगळं मी खोदून विचारलं. डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद त्यांनी आणला होता आणि त्यात काही दोष नव्हता. आपण स्टिअरिंग वळवलं होतं असं त्यांनी एकदा सांगितलं. मी टायरच्या खुणांचा फोटो पुढे ठेवला. तो त्यांनी बराच वेळ पाहिला आणि मग म्हणाले, कदाचित वळवलं नसेल, कदाचित मला तसं वाटलं असेल. गाडीबद्दल विचारलं तेव्हा कळलं, की ती भरकटते म्हणून त्यांनी दोनदा गॅरेजला दाखवली होती. तिथे एक सांधा बदलला आणि चाकांचं अलाइनमेंट केलं.

"गॅरेजवाला म्हणाला, गाडी ठीक आहे," ते सावकाश म्हणाले. "मग मीच ठीक नसणार."

हे वाक्य मी कबुलीजबाब म्हणून लिहून घेतलं. आज ते आठवलं की शरम वाटते.

आमच्या गाड्या दुरुस्त करणारी मेकॅनिक, एक पन्नाशीची बाई, हिने जप्त केलेली पिकअप गाडी उचलायच्या लिफ्टवर चढवून पाहिली. पुढची चाकं हाताने हलवली, सांधे तपासले. थोडी झीज होती, पण धोकादायक काही सापडलं नाही, तसं तिने लिहून दिलं. विद्यार्थ्याचा जबाब माझ्या सहकाऱ्याने इंग्रजीत घेतला होता. त्यात एकच ओळ होती: पिकअप सरळ माझ्यावर आली. माझा अहवाल तयार झाला. निष्काळजीपणाचा ठपका आणि लायसन्स रद्द करण्याची शिफारस.

जबाबावर सही घ्यायला मी हॉस्पिटलमध्ये गेलो. माझ्या छातीवरचं आडनाव वाचून त्या मुलाने चाचरत विचारलं, "सर, तुम्ही मराठी का?" मी हो म्हटल्यावर त्याचा चेहरा सैल झाला. आईला अजून सांगितलं नाही, ती फार टेन्शन घेईल, वगैरे बोलत राहिला. मग मी त्याला मराठीत विचारलं, तुला नेमकं काय दिसलं.

"काका, ते आजोबा दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवत होते. पूर्ण झुकले होते त्या बाजूला. गाडी वळलीच नाही."

मी पुन्हा विचारलं. त्याने पलंगावर बसल्या बसल्या हात फिरवून दाखवले. हे आधी का सांगितलं नाहीस, असं विचारल्यावर तो म्हणाला की त्याला कुणी विचारलंच नाही, आणि तेव्हा वेदनेमुळे इंग्रजी सुचतही नव्हतं.

मी थेट वर्कशॉपमध्ये गेलो. तपासलेलं काम परत तपासायला सांगितलं की माणसं दुखावतात. ही बाई दुखावली नाही. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली की लिफ्टवर चाकं लोंबत होती, गाडीचं वजन त्यांच्यावर नव्हतंच. तिने पिकअप दोन उंच लोखंडी रॅम्पवर चढवली, म्हणजे चाकं टेकलेली राहतील आणि खाली माणूसही मावेल. इंजिन सुरू ठेवलं, मला स्टिअरिंगवर बसवलं आणि टॉर्च घेऊन स्वतः खाली गेली. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, परत डावीकडे.

"उतरा," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्यांनी बघा."

आता ती वर बसली आणि मी खाली गेलो. चाकं वळवणारा स्टिअरिंगचा गिअरबॉक्स गाडीच्या चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टने घट्ट बसवलेला असतो. बोल्ट घट्टच होते, पण ती चासीच तडकली होती. स्टिअरिंग फिरवलं की चाकांऐवजी आख्खा गिअरबॉक्स बोटभर सरकत होता. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते लोखंड खातं. आणि वर कुणीतरी गंज लपवणारा काळा लेप मारला होता. बाईने लेप खरवडला. तड्याच्या कडा आतून जुन्या गंजाने तपकिरी झाल्या होत्या, फक्त टोकाशी थोडा भाग चकाकत होता. म्हणजे तडा अपघाताने पडलेला नव्हता. तो कित्येक महिने वाढत होता आणि त्या वळणावर आणखी उघडला.

तिने आपला पहिला दाखला स्वतःच्या हाताने रद्द करून नवा लिहिला. सरकारी वकिलांनी प्रकरण बंद केलं.

मी सुतारांना हे सांगायला गेलो तेव्हा ते ऐकता ऐकताच खुर्चीवर बसले. त्यांची मुलगी म्हणाली, त्या दिवसापासून बाबांनी साधी करवतही हातात धरली नव्हती; आपल्या हातांवर त्यांचा विश्वासच उरला नव्हता.

डिसेंबरात तो विद्यार्थी कुबड्या घेऊन ठाण्यात आपली सायकल न्यायला आला. सुतारांनी त्याची भेट मागितली होती, म्हणून तेही आले होते. समोरासमोर आल्यावर म्हाताऱ्यांना मान वर करवेना. मुलाने एक कुबडी भिंतीला टेकवली आणि त्यांचा हात हातात घेतला. "तुम्ही वळवत होतात," तो म्हणाला. "मी पाहिलं." सुतार रडले. आम्ही सगळे उगाचच कागद चाळत बसलो.

या प्रकरणाने मला शिकवलं, की माणूस चूक कबूल करतो म्हणून ती त्याची असतेच असं नाही. खचलेला माणूस काहीही कबूल करतो. पुढे प्रत्येक जखमी साक्षीदाराचा जबाब त्याच्या स्वतःच्या भाषेत घ्यायचा, मग दुभाष्यासाठी दोन दिवस थांबावं लागलं तरी चालेल, हा नियम मी निवृत्त होईपर्यंत पाळला. निरोप समारंभात मला पदक मिळालं आणि बरंच कौतुक झालं. घरी परतल्यावर मी दोनच फोन केले. एक त्या मेकॅनिकला आणि दुसरा त्या मुलाला, जो तोवर स्वतः प्राध्यापक झाला होता. दोघांनाही मी एवढंच म्हटलं, की तुमच्यामुळे आज मला शांत झोप लागेल.