कुंकू लावलेला सूक्ष्मदर्शक

सातवीत असताना मी कांद्याच्या पेशीची आकृती इतक्या वेळा काढली होती, की डोळे मिटूनही काढली असती. पेशी मात्र पाहिली नव्हती. आमच्या तालुक्याच्या शाळेत सूक्ष्मदर्शक होता, पण तो कपाटात आणि कपाटाला कुलूप.

सूक्ष्मदर्शक पहिल्यांदा हाताळला कॉलेजात. आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. त्या कामाने काळी पडलेली तिची बोटं पुन्हा कधी स्वच्छ झाली नाहीत. त्या मजुरीवर मी बीएस्सी करत होते. आमच्या घरात तोवर कुणी मॅट्रिकही नव्हतं. प्रात्यक्षिकाच्या सरांनी कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर पसरला आणि म्हणाले, बघ. आमच्या वहीतल्या पेशी विटांसारख्या आखीव असायच्या. या एकमेकींना खेटलेल्या, वाकड्यातिकड्या, आरपार दिसणाऱ्या. वर्गातल्या बाकीच्या मुली हरखल्या. मला राग आला. इतकी वर्षं हे कुलपात का ठेवलं होतं? त्या सरांचे उपकार मी विसरलेले नाही, आणि तो रागही.

बी.एड. झालं, लग्न झालं, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भाईंदर पश्चिमेच्या एका मराठी शाळेत पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवू लागले. तिथेही तसंच कपाट. किल्ली मुख्याध्यापकांच्या जुडग्यात. दर खंडेनवमीला सामान बाहेर निघायचं, टेबलावर मांडलं जायचं, तराजूला, परीक्षानळ्यांना, सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू लागायचं, झेंडू वाहिला जायचा, आणि सगळं परत आत. सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर जुन्या कुंकवाचे थर बसले होते. तो वापरला मात्र कुणीच नव्हता.

मी किल्ली मागितली. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. शांतपणे म्हणाले, "बाई, पुस्तकात आकृती आहे ना? परीक्षेत आकृती येते. यंत्र येत नाही. आणि मोडलं तर जाब मला विचारतील."

शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या सरांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, की बाईंचे नव्याचे नऊ दिवस चाललेत, दहावा उजाडू दे. सगळे हसले. माझा दहावा दिवस काही उजाडला नाही. मे महिन्यात माहेरी जायचं सोडून मी मुंबईला विज्ञान शिक्षकांच्या वर्गाला जाऊ लागले. आरसा उजेडाकडे कसा वळवायचा, थेंब केवढा घ्यायचा, वरची पातळ काच बुडबुडा न धरता कशी टेकवायची, हे पहिलीतल्या मुलीसारखं नव्याने शिकले. घरी नवरा म्हणायचा, नोकरी लागली की लोकांचं शिकणं संपतं, तुझं सुरू झालंय. मला ते आवडायचं. पण जूनमध्ये शाळेत परतलं की हात रिकामेच.

मग ठरवलं, खंडेनवमीला कपाट उघडतंच. पूजेच्या आधी तासभर आपला.

सातवीच्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. जवळच्या मुर्धा गावची एक मुलगी औषधाच्या बाटलीत मिठागराच्या कडेचं पाणी घेऊन आली. पाऊस नुकताच सरला होता, पाण्याला हिरवट झाक होती. शिपाई सामान टेबलावर मांडत असतानाच मी सूक्ष्मदर्शक उचलला, वर्गाच्या पूर्वेकडच्या खिडकीत ठेवला, भिंग मऊ फडक्याने पुसलं. थेंबात इवले हिरवे जीव सुसाट पळत होते. पोरांची रांग लागली. जो बघायचा तो मागच्याला ढकलायचा आणि पुन्हा रांगेत शिरायचा. एकाने विचारलं, बाई, हे आपण गिळत असू का? ती मुलगी मात्र सगळ्यांना पुढे सोडत होती. पाणी तिचं होतं ना, ती यजमानीण झाली होती.

तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले. मी म्हटलं, सर, एकदा बघा. ते वाकले. चष्मा कपाळावर सारून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, जिंकले.

"हे हलतंय ते जिवंत आहे?" त्यांनी विचारलं.

"हो सर. इथलंच आहे, मुर्ध्याचं."

"छान आहे," ते म्हणाले. "आता पुसून द्या, पूजेला उशीर होतोय."

आणि स्वतः उचलून घेऊन गेले. न बघता नाही म्हणणारा माणूस मी समजू शकते. या माणसाने बघितलं होतं, त्याला आवडलंही होतं. इतक्या वर्षांनी आजही हे आठवलं की माझे कान तापतात. पूजा झाली. मी हात जोडले नाहीत. ते सर्वांनी पाहिलं.

दसऱ्यानंतर ती मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "बाई, माझे पान्यान काय व्हता?"

रांगेत तिचा नंबर आलाच नव्हता. मी फळ्याकडे वळले आणि खडूने आकृती काढली. गोल, दोन शेपट्या, आत हिरवा ठिपका. तिने ती वहीत नीट उतरवून घेतली. मी शिक्षिका झाले होते ते हे करायला लागू नये म्हणून.

पुढच्या वर्षी माझ्याकडून विज्ञान काढून हस्तव्यवसाय दिला. मी शाळा सोडली. भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या शाळेत मुलाखतीला गेले, तिथे शेवटी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय? मी म्हटलं, प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे असते? ते हसले. मी हसले नाही. पहिल्याच आठवड्यात किल्ली माझ्या पर्समध्ये आली, आणि पुढे कित्येक वर्गांनी माझ्याकडे पाण्याचे थेंब पाहिले.

ती मुलगी सातवीनंतर शाळेत आली नाही असं कळलं. तिच्याकडे आकृतीच राहिली.