चाचीच्या शेवया

सून तुपात शेवया परतायला लागली, की मला विट्याचं आमचं जुनं घर आठवतं. तेव्हा लढाई चालू होती. वडील पलटणीत होते आणि आई तापानं अंथरुणावर पडली होती. ईदच्या सकाळी शेजारच्या पिंजाऱ्याची बायको, आमिनाचाची, परात घेऊन दारात आली. परातीत शेवया, खारीक, खोबरं आणि पुडीत साखर होती. तिच्या हातचं शिजवलेलं आमच्याकडं चालत नसे, म्हणून दर ईदेला ती असा कोरडा शिधा द्यायची आणि आई आपल्या चुलीवर खीर करायची.

"वैनी, हितं उंबऱ्यापाशी ठिवते," चाची म्हणाली.

"आत ये. माझ्यानं उठवत न्हाई, तूच शिजव," आई म्हणाली.

"आवं, लोक काय म्हणत्याल?"

"पोरगी कालधरनं उपाशी हाय. लोक येत्यात व्हय रांधायला?"

चाचीनं पाय धुतले आणि ती चुलीपुढं बसली. शेवया शिजल्यावर तिनं माझ्या हातात वाटी दिली. मी वाटी चाटूनपुसून संपवली. तेवढ्यात आई म्हणाली, "मलाबी दे गं थोडी."

आईच्या धाडसाचं मला कौतुक आहेच. पण इतकी वर्षं आमचा विटाळ मुकाट्यानं सांभाळून, लढाईत साखरेची मारामार असतानाही, चाची आमचा वाटा काढत राहिली. तिचे उपकार मला फार उशिरा कळले.

पुढच्या ईदेला चाची आली, ती झाकलेलं पातेलं घेऊन. आईनं दारातच झाकण उचललं, आणि वाफ आमच्या घरात शिरली.