बटर पेपरवरची साखर

पृथ्वीवर जे काही वरखाली होतं ते रेघेत पकडता येतं, यावर माझ्या साडूंची जितकी श्रद्धा आहे तितकी कुणाची देवावरही नसेल. त्यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात नकाशे गिरवण्यात गेली. निवृत्तीनंतर कालवे हातचे सुटले, तेव्हा ते घराकडे वळले. टाकीतलं पाणी, गंगाखेडच्या एसटीचा उशीर, माझ्या मेव्हणीचा म्हणजे त्यांच्या बायकोचा राग, सगळ्यांचे आलेख त्यांच्या भिंतीवर आहेत. रागाचा आलेख तिने एकदा फाडला, तर यांनी तो चिकटवला आणि "आज शिखर गाठलं" म्हणत वरच्या टोकाला टिंब दिलं.

अशा माणसाच्या हाती माझ्या आईच्या रक्तातली साखर लागली. आई पालमला एकटी राहते. डॉक्टरांनी तिच्या दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवली होती. ती साखर मोजून तिच्या मोबाइलला कळवायची आणि मोबाइल दुपारी बोंबलायचा, की साखर घसरली. शेजारीण धावत येऊन साखरपाणी पाजायची. शेवटी आम्ही आईला कायमचं आमच्याकडे परभणीला आणायचं ठरवलं. आई म्हणाली, "मला काई व्हत न्हाई. त्या डबड्यालाच चक्कर येतीय." तरी बोचकं बांधलं गेलं.

तिला आणायला निघालो तेव्हा साडू न बोलावता बरोबर आले. पालमला पोचताच त्यांनी मोबाइलमधला एकेका दिवसाचा साखरेचा आलेख नकाशे गिरवायच्या आरपार दिसणाऱ्या वेगळ्या बटर पेपरवर गिरवला, सगळी चळत खिडकीच्या काचेला धरली आणि साहेबांसमोर असल्यासारखा घसा खाकरला.

"बघा. सगळे खड्डे एकावर एक. तुमी बाजाराला जाता त्या दिवशी तेवढा न्हाई. मावशी, एरवी दुपारी काय करता तुमी?"

"काय करणार? निजते."

"कोण्या कुशीवर?"

"या कुशीवर. पंख्याचं वारं इकडूनच येतंय." आईने चकतीचाच दंड पुढे केला.

साडूंनी तिला तशीच निजवली. थोड्या वेळाने मोबाइल बोंबलला. बोटातला थेंब काढून तपासला, तर साखर ठणठणीत. डॉक्टर फोनवर म्हणाले, चकती अंगाखाली दबली की आकडा खोटा पडतो. दुसऱ्या दंडाला लावू, शंका आली की बोटातून तपासा.

आईने बोचक्याची गाठ सोडली. "पावण्याचं डोस्कं फिरलेलं हाय," ती मला म्हणाली, "पर लय कामाचं हाय."

परतीच्या वाटेवर साडूंनी कुशींवर व्याख्यान दिलं आणि सुटकेच्या भरात मी ते पूर्ण ऐकलं. घरी आईसाठी खोली मोकळी केली होती. खाट खिडकीशी सरकवून नवी चादर घातली होती. ती आली नाही याचं समाधान घेऊन मी आत गेलो आणि थोडा वेळ त्या खाटेवर बसून राहिलो.