दोन मोठे, दोन लहान

त्या वर्षी आमच्या घरात दिवाळी नव्हती. श्रावणात माझे धाकटे दीर गेले. वय चौतीस. सकाळी कामावर निघताना बूट घालत होते, छातीत कसंतरी होतंय म्हणून जिन्याच्या पायरीवर बसले, आणि ह्यांनी कोपऱ्यावरून रिक्षा आणेपर्यंत सगळं संपलेलं होतं.

नगरजवळ नागापूरला आमचं घर आहे. खाली आम्ही दोघं, आमची दोन मुलं आणि सासूबाई. वर दीर, जाऊ आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी. दोघे भाऊ एमआयडीसीतच कामाला, कारखाने वेगळे. दोघांचे डबे मात्र खालच्या स्वयंपाकघरातून जायचे. मी सकाळी पोळ्या करायची, जाऊ भाजी करायची. ते गेल्यावरही पुढचे आठ-दहा दिवस ती भाजी तेवढीच करत होती, आणि उरलेली मी संध्याकाळी वाढत होते.

आमची पुतणी मला मोठी मम्मी म्हणायची आणि ह्यांना मोठे पप्पा. वडील गेल्यावर तिनं एक सवय लावून घेतली होती. संध्याकाळी ह्यांच्या गाडीचा आवाज आला की ती वरून पळत यायची आणि त्यांच्या हातातलं हेल्मेट घ्यायची. हे दमून आलेले असायचे, तरी तिला उचलून घ्यायचे. मग माझी पाच वर्षांची लेक दारात उभी राहून रडायची, "आधी मला, आधी मला." मोठा, आठ वर्षांचा मुलगा, काही म्हणायचा नाही, टीव्हीचा आवाज वाढवायचा. रोज संध्याकाळी हे असंच. आवाजानं जाऊ जिन्यात यायची, मुलीला खेचून वर न्यायची, आणि वरून थोडा वेळ काहीच ऐकू यायचं नाही.

खरं सांगायचं तर ऑक्टोबरपर्यंत मला ते घर नकोसं झालं होतं. दुःख मलाही होतं. दीर मला थोरल्या बहिणीसारखं मानायचे. पण दुःखाच्या आत दुसरं काहीतरी साचत चाललं होतं. आपली मुलं दबक्या पावलानं चालतात, हसू आलं तर आधी वर बघतात, हे मला सहन होईना.

दिवाळीच्या आठ दिवस आधी मुलानं विचारलं, "आकाशकंदील कधी लावायचा?"

सासूबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "यंदा आपल्यात काही न्हाई. वर्षश्राद्ध हुईस्तवर काही न्हाई."

"एक छोटासा पण नाही?"

"न्हाई म्हनलं ना!"

तो मागच्या अंगणात जाऊन बसला. त्या दुपारी मी ठरवलं की पाडवा आणि भाऊबीज ह्या दोन दिवसांत मुलांना पुण्याला न्यायचं. गल्लीत फटाके वाजतील, शेजारची मुलं नवे कपडे घालून दारावरून जातील, तेव्हा आपली मुलं इथं नसावीत. एक रात्र राहायचं, कात्रजला प्राणी दाखवायचे, मेट्रोत बसवायचं, परत यायचं. सण म्हणून नाहीच. नुसतं बाहेर.

ह्यांना मी ते स्वयंपाकघरात सांगितलं, नळ सोडून, म्हणजे आवाज बाहेर जायला नको. त्यांच्या कंपनीला चार दिवस सुट्टी होती. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, "आणि वरचीचं काय?"

"तिची आई नाही पाठवणार," मी म्हणाले.

"विचारलंस?"

"हो. नको म्हणाली."

मी विचारलेलं नव्हतं. विचारायचंही नव्हतं. दोन दिवस माझ्या मुलीचा बाप फक्त माझ्या मुलीचा असावा, एवढंच मला हवं होतं. हे लिहायला नकोसं वाटतं, पण होतं ते असं होतं.

पुढचे चार दिवस मी चोरासारखी तयारी केली. ह्यांच्या कंपनीतल्या एकानं शिवाजीनगरजवळचं एक लॉज सांगितलं होतं. मी मुलांना शाळेत सोडून येताना रस्त्याच्या कडेला थांबून तिथं फोन केला. पलीकडच्या माणसानं विचारलं, "किती जण?" मी म्हणाले, "दोन मोठे, दोन लहान." सकाळच्या गाडीची दोन तिकिटं हे स्टँडवर जाऊन काढून आले, मुलांना मांडीवर घ्यायचं ठरलं. कपाटाचं दार लावून घेऊन मी पिशवी भरली. मुलांचे स्वेटर घ्यावेत की नाही ह्यावर मी किती वेळ घालवला! दुपारी ऊन भाजून काढत होतं आणि पहाटे गार वारा सुटत होता. शेवटी घेतले. मुलांना बजावलं होतं, कुणाला सांगायचं नाही.

पाच वर्षांच्या मुलीला गुपित ठेवायला सांगणारी मीच वेडी.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी मी बाहेर आले तर जिन्याच्या खालच्या पायरीवर पुतणी बसली होती. पाठीला शाळेचं दप्तर. सुट्टी लागून तीन दिवस झाले होते.

"हे काय गं?" मी विचारलं.

"पुण्याला जायचंय ना," ती म्हणाली. "मी भरलं माझं."

दप्तराची चेन अर्धी उघडी होती. आत एक फ्रॉक कोंबलेला, टूथब्रश, आणि एकच मोजा. मी काही बोलायच्या आत जाऊ वरून खाली आली. तिच्या हातात घडी केलेले दोन ड्रेस, टॉवेल आणि एक डबी होती. ते सगळं तिनं माझ्या हातात दिलं.

"ताई, एवढंच ठेवा हिचं. जास्त नको. गाडी लागते तिला. डबीत लिंबाच्या फोडी आहेत, मीठ लावून."

"अगं, मी तुला सांगणारच होते..."

"आत जा गं, आजीला पाणी दे," तिनं मुलीला आत पाठवलं. मुलगी गेल्यावर म्हणाली, "मला विचारलं असतं ना, तर मी नकोच म्हणाले असते. तुम्हाला त्रास नको म्हणून. पण विचारायचं होतं."

आवाज चढलेला नव्हता. डोळेही कोरडे होते. ती वळली आणि जिना चढून गेली. मी आत जाऊन ते कपडे पिशवीत सगळ्यात वर ठेवले.

संध्याकाळी सासूबाईंना कळलं. "घरात दुखवटा, आन् ही फिराया निघाली," त्या म्हणाल्या. पण पुतणीही चालली आहे म्हटल्यावर एवढंच म्हणाल्या, "जा. लेकरांना काय कळतंय." हे माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं झालं, पाठवते म्हणाली ती." त्यांना वाटलं होतं, जावेनं विचार बदलला.

पाडव्याच्या सकाळी आम्ही निघालो. सुप्याच्या अलीकडेच पुतणीला उलटी झाली. माझ्या साडीवर, तिच्या फ्रॉकवर. मी तिचं तोंड पुसलं, लिंबाची फोड दिली. ती सारखी म्हणत होती, "सॉरी मोठी मम्मी, सॉरी." इतक्या लहान मुलीनं इतक्यांदा सॉरी म्हणू नये. मी तिला जवळ घेतलं, आणि पुण्यापर्यंत ती अंग चोरून माझ्या मांडीवर बसली, जणू जड झाली तर मी खाली ठेवीन.

लॉजवरच्या माणसानं वहीत बघितलं आणि मुलं मोजली. "फोनवर दोन लहान म्हणाला होतात तुम्ही. ही तिसरी?"

मी पिशव्या खाली ठेवल्या, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "ही आमची नाही. काकाची आहे."

त्यात वाईट हेतू नव्हता. त्याला हिशेब बरोबर करून द्यायचा होता. पुतणीनं माझ्याकडे बघितलं. तिला तो दोनाचा आकडा समजला होता; पहिलीत होती, मोजता येत होतं. ह्यांनीही माझ्याकडे बघितलं. मी पिशव्या उचलून जिना चढायला लागले.

कात्रजला गर्दी होती. ऊन असं की प्राणी सावली धरून पडलेले. वाघ दिसलाच नाही. गवतात शेपटीचं टोक हललं म्हणून मुलं ओरडली, एवढंच. मुलगा वैतागला, "एवढ्यासाठी आलो?" लेकीला तहान, मग शू, मग भूक. पुतणी काहीच मागत नव्हती. भूक लागली का विचारलं तर "चालेल" म्हणायची. पाय दुखतात का विचारलं तर "नाही." तिच्या सँडलचा पट्टा घासून टाचेवर फोड आली होती, ती मला संध्याकाळी पाय धुताना दिसली.

परत येताना बसनं गावात आलो आणि मेट्रोत बसलो. मुलं तेवढ्यासाठी चार दिवस नाचली होती, म्हणजे माझी मुलं. डबा स्वच्छ, थंड. नवे कपडे घातलेली कुटुंबंच्या कुटुंबं, बायकांच्या केसांत गजरे. आम्हाला जागा नव्हती. हे दांड्याला धरून उभे, एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला पुतणी. गाडी नदीवर आली तशी पुतणीनं काचेला नाक लावलं आणि ओरडली, "पप्पा, बघा, पाणी!"

मोठे पप्पा नाही. पप्पा.

हे थबकले. त्यांची चाल, खोकणं, मान कलती करून ऐकणं सगळं भावासारखंच. आम्हालाही पाठमोरे दिसले की क्षणभर चुकल्यासारखं व्हायचं. ते खाली वाकून म्हणाले, "हो बाळा, केवढं पाणी."

"ते माझे पप्पा आहेत!" माझी लेक किंचाळली. "तुझे नाहीत. तुझे मेले."

डब्यातल्या लोकांनी वळून बघितलं. मी लेकीच्या पाठीत धपाटा घातला, ती भोकाड पसरून रडायला लागली. पुतणी रडली नाही. तिनं ह्यांचा हात सोडला आणि दोन्ही हातांनी स्टीलचा दांडा धरला. आमचं स्टेशन येईपर्यंत ती तशीच उभी होती. हे दोनदा म्हणाले, "ये इकडं." तिनं मान हलवली. नाही.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. मी तिला फोन दिला.

"जेवलीस?"

"हो."

"वाघ बघितला?"

"हो," ती म्हणाली. "मोठा होता."

दुसऱ्या दिवशी शनिवारवाडा बघायचा बेत होता. कुणालाच उत्साह नव्हता. दरवाज्यापर्यंत गेलो, मुलांनी त्या दारावरचे लोखंडी खिळे मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. दुपारीच आम्ही गाडीला लागलो. भाऊबीज असल्यामुळे गाडी गच्च होती. ताटं, मिठाईचे पुडे, ओवाळणीच्या साड्या घेऊन बहिणींकडे निघालेली माणसं. एका म्हाताऱ्या बाईनं सरकून तिन्ही मुलांना आपल्या शेजारी बसवलं. आम्ही दोघं उभे राहिलो. ह्यांना ओवाळणारी बहीण नव्हती. हे दोघे भाऊच होते.

वाघोलीच्या पुढं मुलं झोपली. हे म्हणाले, "ती पाठवायला तयार नव्हती, तेच बरोबर होतं. आपण ऐकायला हवं होतं तिचं."

मी त्यावर गप्प राहू शकले असते.

"मी विचारलंच नव्हतं तिला," मी म्हणाले.

त्यांना आधी कळलं नाही. मी परत सांगितलं. गाडीच्या आवाजात, चार अनोळखी माणसांच्या मध्ये, हळू आवाजात. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. वरच्या दांड्याला धरलेली त्यांची मूठ मला दिसत होती. नगर आलं. उतरताना त्यांनी झोपलेल्या पुतणीला खांद्यावर घेतलं, आणि माझ्या दोघांना सांभाळत मी मागून चालले.

मार्गशीर्ष लागल्यावर जावेचा भाऊ श्रीरामपूरहून टेम्पो घेऊन आला. ती माहेरी राहायला चालली होती. सासूबाईंनी विचारलं, "का गं, काय कमी हाय हितं?" ती म्हणाली, "काही नाही आत्या. तिकडं शाळा जवळ आहे, आई आहे. मला काम बघता येईल." तिनं माझं नाव कुठंच घेतलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. कदाचित कारण मी नसेनही. नवऱ्याच्या पायरीवरून रोज चढ-उतर करणं कुणाला जमलं असतं? पण मी स्वतःला ते समजावते, तेव्हा मलाच पटत नाही.

सामान फार नव्हतं. कपाट, गाद्या, भांड्यांची दोन पोती. पुतणी पुढं आई आणि मामाच्या मध्ये बसली. माझ्या मुलीनं तिला आपली रंगपेटी दिली, आपणहून. हे तेव्हा घरी नव्हते. सकाळीच कामावर निघून गेले होते, सुट्टी मिळत असूनही.

आता तीन वर्षं होतील. त्या दोघी वर्षश्राद्धाला येतात, जेवतात, संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. जाऊ एका दवाखान्यात कामाला आहे; पुतणी वर्गात पहिली-दुसरी असते. आम्ही फोनवर बोलतो. मुलीचा अभ्यास, सासूबाईंचे गुडघे, श्रीरामपूरचं पाणी. बोलता बोलता एखाद वेळी दोघी एकदमच थांबतो. मला वाटतं, आता म्हणावं, चुकलं माझं. मग तीच विचारते, "ठेवू का ताई? कुकर लावायचाय." आणि मी म्हणते, ठेव.